निरोप्या दारातच थांबतो

संप्रेरकांचा धडा शिकवताना आपण बहुतेक जण ‘कुलूप आणि किल्ली’वरच थांबतो. संप्रेरक ही किल्ली, पेशीच्या पटलावरचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, हे कुलूप. मुलं व्याख्या पाठ करतात, गुण मिळतात, विषय संपतो. पण किल्ली फिरल्यावर आत काय होतं? खरा धडा तिथूनच सुरू होतो. माझं मत विचाराल तर तो विंचवापासून शिकवावा.

मोहन्यातल्या मुलांना विंचू म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. लाल विंचू चावला की त्याचं विष मज्जातंतूंना चेतवतं आणि रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा पूर येतो. गंमत अशी, की हे रेणू रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीत शिरतच नाहीत. ते बाहेरच्या ‘अल्फा’ ग्राहीला चिकटतात. ग्राहीचा आकार बदलतो, आतल्या बाजूचं जी-प्रथिन जागं होतं, ते एका विकराला कामाला लावतं, साठ्यातलं कॅल्शिअम सुटतं आणि स्नायू आवळतो. निरोप्या दारातच थांबतो, निरोप मात्र आतपर्यंत पोचतो. शिवाय वाटेत तो वाढत जातो. सगळ्या रक्तवाहिन्या अशा आवळल्या, की रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणात असे रुग्ण दगावताना पाहिले. त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं. ते अल्फा ग्राहीवर जागा अडवून बसतं, पण आत निरोप देत नाही. त्यांच्या नोंदींप्रमाणे पूर्वी शंभरात 25 ते 30 रुग्ण जात, 1984 नंतर हे प्रमाण एकाच्याही खाली आलं. जी-प्रथिनांच्या शोधाला नोबेल मिळालं 1994 मध्ये, अशा ग्राहींवरच्या कामाला 2012 मध्ये. बावस्करांना पद्मश्री मिळाली 2022 मध्ये.

वर्गात हे करून बघा. एक मुलगा पोस्टमन. तो दाराशी बसलेल्या मुलीच्या हातावर टाळी देतो, ती मागच्या तिघांना, ते प्रत्येकी आणखी तिघांना. क्षणात अख्खा वर्ग उभा! मग दाराशी बसलेल्या मुलीचा हात दुसऱ्या कुणीतरी नुसता धरून ठेवायचा. आता पोस्टमन कितीही आला तरी वर्ग शांत. प्राझोसिन मुलांना वेगळं समजावायची गरज उरत नाही.

पालकांनाही एक सांगणं. विंचू चावल्यावर मूल घामाघूम झालं, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. लक्षणांची वाटही बघू नका, थेट दवाखाना गाठा. औषध डॉक्टरांनीच द्यायचं, घरी प्रयोग नको. पेशीच्या दारावर काय चाललंय हे ज्या मुलाला वर्गात उमगलं, ते घरी मोठ्यांना “आधी दवाखान्यात चला” असं ठामपणे सांगू शकेल. व्याख्येच्या दोन गुणांपेक्षा मला हे मोलाचं वाटतं.