चौकीच्या आधी मैदान!

राजाने लुटले, पावसाने झोडपले आणि नवऱ्याने मारले, तर दाद मागावी कोणाकडे, अशी एक म्हण मराठीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सांगणारे ती हसत सांगतात आणि ऐकणारेही हसून सोडून देतात. परंतु तिच्या पोटातील अर्थ मुळीच हसण्याजोगा नाही. नवऱ्याचा मार हा पावसासारखाच अस्मानी आहे, तो यावयाचा तेव्हा येणार आणि बाईने तो मुकाट्याने अंगावर घ्यावयाचा, असे ती म्हण सांगते. १९८३ साली तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम घालण्यात आले. पुढे २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा स्वतंत्र कायदा संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अंमलात आला. त्या दिवशी निदान कायद्याने तरी नवऱ्याला पावसाच्या पंगतीतून उठविले आणि आपल्या कृत्याचा जाब देणाऱ्या माणसांच्या पंगतीत आणून बसविले.

कायदा बदलला. पण मन बदलले काय? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे या प्रश्नाचे उत्तर देतात, आणि ते उत्तर आम्हां सर्वांची मान खाली घालणारे आहे. १८ ते ४९ या वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी शेकडा २९ जणींनी पतीकडून हिंसा सोसली आहे. सुधारकांचा म्हणून मिरविणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा २५ आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ७७ जणींनी कोणाचीही मदत मागितली नाही आणि त्याविषयी कोणाजवळ चकार शब्दही काढला नाही. याहून विषण्ण करणारा आकडा आणखी एक आहे. काही ना काही कारणाने नवऱ्याने बायकोला मारणे योग्यच ठरते, असे सांगणारे पुरुष शेकडा ४४ निघाले आणि स्त्रिया शेकडा ४५! म्हणजे ती जुनी म्हण आजही निम्म्या देशाच्या मनात घर करून आहे. हे दुखणे केवळ झोपडपट्टीचे आहे असे मानून आमच्या वाचकांनी हायसे वाटून घेऊ नये. ते सुशिक्षितांच्या घरांतही आहे. तेथे दार लावून घेण्याची सोय अधिक, इतकेच.

या दुखण्यावर शासन पैसा खर्च करीत नाही, असा आरोप आम्ही करणार नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील भयंकर घटनेनंतर २०१३ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात १००० कोटी रुपयांचा निर्भया निधी उभारण्यात आला. ११२ हा आपत्कालीन दूरध्वनी, पीडितांसाठी वन स्टॉप सेंटरे, शहरांतील सीसीटीव्ही कॅमेरे, अशा अनेक गोष्टींना त्यातून साहाय्य मिळाले. हे सारे आवश्यकच होते. आश्रयगृहांचा किंवा समुपदेशन केंद्रांचा एक पैसाही कोणी कमी करू नये, उलट वाढवावा, असेच आमचे सांगणे आहे. परंतु या बहुतेक योजनांचा आरंभ घाव पडल्यानंतर होतो, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. बाई रडत चौकीवर आली की शासन जागे होते. तिच्यावर उगारला जाणारा हात पंधरा वर्षांपूर्वी एका कोवळ्या मुलाचा हात होता, तो त्या वेळी कोठे होता आणि त्याला कोण काय शिकवीत होते, याची विचारपूस कोणत्याही खात्याकडे नाही. बैल गेला आणि झोपा केला, हीच आपल्या सार्वजनिक खर्चाची रीत होऊन बसली आहे.

तो मुलगा त्या वेळी कोठे होता? मुंबईपुरते या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तो मैदानावर होता. शिवाजी पार्क असो, आझाद मैदान असो, की दोन चाळींमधला धुळीचा पट्टा असो, या शहरातील मुलगा शाळेनंतरचा मोकळा वेळ जेथे काढतो ती जागा मैदान होय. आणि तेथे त्याच्यावर जेवढी सत्ता 'सरां'ची चालते, तेवढी वर्गातल्या मास्तरांची चालत नाही आणि पुष्कळदा बापाचीही चालत नाही. शिष्यांना स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणाऱ्या रमाकांत आचरेकरांच्या कथा या शहराने गुरुकथांसारख्या जपल्या आहेत. बॅट कशी धरावी हे ज्याच्याकडून मुलगा शिकतो, त्याच्याकडूनच तो हरल्यावर कसे वागावे, राग आल्यावर हाताचे काय करावे आणि बाईमाणसाविषयी कसे बोलावे, हेही न शिकविता शिकत असतो. झेल सुटला की "हातात बांगड्या भरल्यात काय?" अशी जी आरोळी उठते, तो धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकातल्या समानतेच्या धड्यापेक्षा खोल जातो. बाईपण म्हणजे नालायकी, हे दहा वर्षांच्या पोराला त्या एका वाक्यात पटते.

तेव्हा सुरुवात 'सरां'पासूनच करावयास हवी, हा विचार नवा नाही आणि तो केवळ कागदावरचाही नाही. अमेरिकेत 'कोचिंग बॉइज इन्टू मेन' या नावाचा एक उपक्रम निघाला. त्यात प्रशिक्षकाने खेळाच्या हंगामात आठवड्यातून एकदा, दहापंधरा मिनिटे, आपल्या चमूशी मुलींचा आदर, शिवीगाळ, संशय, जबरदस्ती आणि अन्याय डोळ्यांसमोर घडत असता गप्प न राहणे, या विषयांवर सरळ बोलावयाचे असते. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे १६ शाळांतील सुमारे दोन हजार खेळाडूंवर या उपक्रमाची रीतसर परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २०१२ व २०१३ साली प्रसिद्ध झाले. ज्या शाळांत उपक्रम झाला तेथील मुलांकडून मैत्रिणींचा होणारा छळ वर्षभरानंतर इतर शाळांच्या मानाने कमी आढळला.

हाच उपक्रम २०१० च्या सुमारास 'परिवर्तन' या नावाने आपल्या मुंबईत आला. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन वूमेन या संस्थेने मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन आणि 'अपनालय' यांच्या साहाय्याने शाळांतील क्रिकेट-प्रशिक्षकांना व गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तीतील तरुणांना हे शिक्षण दिले. शिवाजीनगर म्हणजे देवनारच्या कचराभूमीच्या शेजारची वस्ती. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात ज्या एम-पूर्व विभागाचे नाव यादीच्या तळाशी होते, त्या विभागातली. येथे काय दिसून आले? शिकलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखालच्या मुलांचे मुलींविषयीचे विचार इतर मुलांपेक्षा अधिक सुधारले. कोणाची छेड निघत असता हसणे किंवा त्यात सामील होणे कमी झाले. मात्र पुढे होऊन "हे थांबव" असे सांगण्याचे धैर्य तेवढ्या अवधीत वाढल्याचे दिसले नाही. हा शेवटचा निष्कर्ष लपविण्याचे आम्हांस कारण वाटत नाही. दात काढून हसणारी पोरे गप्प झाली, ही पहिली पायरी होय. दुसरी पायरी चढावयास अधिक काळ लागतो, आणि काळ म्हणजेच पैसा.

पुढे त्याच शिवाजीनगरात किशोरवयीन मुलींसाठी कबड्डीचा उपक्रम झाला. कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. त्याला ना बॅट लागते ना पॅड; लागतो तो दम आणि धीर. परंतु ज्या वस्तीत मैदान म्हणजे मुलांचे, असा अलिखित करार आहे, तेथे मुलीने भर मैदानात उभे राहून 'कबड्डी कबड्डी' म्हणत चढाई करणे, ही साधी गोष्ट नव्हे. मुलीला घरच्यांची परवानगी काढावी लागते, शेजाऱ्यांच्या जिभांना तोंड द्यावे लागते. पण ती एकदा मैदानात उतरली की, या जागेवर आपलाही हक्क आहे, हे तिला कळते आणि बघणाऱ्यांनाही कळते. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत मुले आणि मुली एकत्र खेळत, आणि त्या काळच्या कित्येक घरांत त्यावरून वादळे उठत. ज्या महाराष्ट्राने तेव्हा ती वादळे पचविली, त्याला आज हे जड जाण्याचे कारण नाही.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आवश्यक आहे. खेळ म्हणजे आपोआप सद्गुण, असे आम्ही मानत नाही. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात २००२, २००६ आणि २०१० या तीन विश्वचषक फुटबॉल स्पर्धांच्या वेळच्या पोलीस नोंदी तपासल्या असता असे आढळले की, इंग्लंडचा संघ जिंकला वा बरोबरीत सुटला तर कौटुंबिक मारहाणीच्या तक्रारी शेकडा २६ नी वाढत, आणि हरला तर शेकडा ३८ नी! मैदानावरच्या पराभवाचा सूड घरातल्या बाईवर उगविला जातो, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा? आणि आपल्याच देशात २०२३ च्या जानेवारीत विनेश फोगट आणि साक्षी मलिक यांच्यासारख्या कुस्तीगिरांना लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरावे लागले, हे कोण विसरेल? जे मैदान मुलीला निर्भय करू शकते, तेच मैदान दुर्लक्षित राहिले तर तिच्या छळाची जागाही होऊ शकते. म्हणूनच नुसते चेंडू वाटून भागणार नाही. चेंडूबरोबर शिकविलेला माणूस आणि त्या माणसावर देखरेख, दोन्ही हवीत.

आता मुद्दा पैशाचा. असे उपक्रम आपल्याकडे बव्हंशी परदेशी दात्यांच्या किंवा एखाद्या कंपनीच्या औदार्यावर चालतात. दोनतीन वर्षांची मुदत संपते, अहवाल छापला जातो, आणि ज्या मुलांना आठवड्याच्या त्या पंधरा मिनिटांची नुकतीच सवय लागलेली असते त्यांच्यासमोर मैदान पुन्हा मुके होते. उलट खेळाच्या नावावर पैसा नाही म्हणावे, तर २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकट्या 'खेलो इंडिया'साठी १००० कोटी रुपये ठेवण्यात आले. आपल्या गल्लोगल्ली निवडणुकीच्या तोंडावर ज्या 'चषक' स्पर्धा भरतात, त्यांचे मांडव, रोषणाई आणि कर्णे पाहिले म्हणजे खेळासाठी पैसा नाही, असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. त्या कार्यांच्या यादीत स्त्री-पुरुष समानताही आहे आणि खेळांचे प्रशिक्षणही आहे. दोन्ही कलमे एकाच मैदानावर पुरी होत असता कंपन्यांनी ती हौसेने पुरी करावीत.

परंतु मुख्य जबाबदारी नगराची आहे. आम्ही एक ढोबळ हिशेब मांडतो. एका मैदानावर एक पुरुष व एक स्त्री असे दोन प्रशिक्षक, प्रत्येकी दरमहा १५ हजार रुपये मानधन, शिवाय साहित्य, प्रशिक्षण आणि समुपदेशकाच्या फेऱ्या, असा वर्षाला सहा लाखांचा खर्च धरू. शंभर मैदानांस सहा कोटी लागतील. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता. म्हणजे लाख रुपयांमागे आठ रुपये! नगराच्या तिजोरीतून एवढे आठ रुपये निघत नसतील, तर अडचण तिजोरीची नाही, इच्छेची आहे.

हे पैसे देताना चार अटी मात्र कटाक्षाने घालाव्यात. पहिली, अनुदान निदान पाच वर्षांचे असावे. मुलाचे मन आर्थिक वर्षाच्या वेळापत्रकाप्रमाणे घडत नाही. दुसरी, प्रत्येक मैदानावर मुलींची वेळ राखून ठेवावी आणि तेथे दिवे व स्वच्छतागृह असावे. त्यांवाचून ती वेळ कागदावरच राहील. तिसरी, प्रशिक्षक पारखून घ्यावेत, मुलांना व मुलींना निर्भयपणे तक्रार करता येईल अशी स्वतंत्र व्यवस्था असावी, आणि एखादा मुलगा "घरी बाबा आईला मारतात" असे म्हणाला तर पुढे काय करावयाचे, १८१ आणि १०९८ या दूरध्वनींचा उपयोग कसा करावयाचा, हे प्रत्येक 'सरां'ना ठाऊक असावे. चौथी, कामाचा हिशेब त्रयस्थाकडून व्हावा, आणि त्यात किती टी-शर्ट वाटले हे न मोजता मुलांची मते आणि वर्तणूक किती बदलली, हे मोजावे.

मैदानावर खेळणारा प्रत्येक मुलगा उद्या सज्जन नवरा होईल, अशी हमी आम्ही देत नाही. ती कोणीही देऊ शकणार नाही. पण आज वयाच्या दहाव्या वर्षी जो "बांगड्या भरल्यात काय?" हे ऐकतो आहे, त्याला त्याच मैदानावर, त्याच सरांच्या तोंडून काही निराळे ऐकावयास मिळाले, तर आणखी पंधरा वर्षांनी एखादी बाई चौकीची पायरी चढण्यावाचून राहील, एवढी आशा धरण्यास भरपूर आधार आहे. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या आरंभी मांडला जातो. त्यात या कामाची एक ओळ आहे की नाही, हे आम्ही पाहणार आहोत. वाचकांनीही ती शोधावी, आणि सापडली नाही तर आपल्या नगरसेवकाला तिचा जाब विचारावा. पाऊस थांबविणे कोणाच्याच हाती नाही. उगारलेला हात थांबविणे मात्र आपल्या हाती आहे.