लिपस्टिकचे पैसे कोणी द्यायचे?

माझ्या भाचीला यंदा एका मोठ्या दुकानात विक्रेतीची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी तिला नियम सांगण्यात आले. केस नीट बांधलेले हवेत, चेहरा 'प्रसन्न' हवा, ओठांना लिपस्टिक हवी. गणवेश दुकानाने दिला. लिपस्टिक मात्र तिची तिने आणायची. पहिला पगार हातात यायला अजून महिना होता. "मावशी, स्वस्तात कुठं मिळेल गं?" तिने विचारले, आणि एका शनिवारी आम्ही दोघी क्रॉफर्ड मार्केटला गेलो.

या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे, हे तिथल्या गर्दीत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. छापील किमतीपेक्षा कमी दरात सौंदर्यप्रसाधने मिळतात म्हणून मुंबईच्या बायका इथे येतात. आम्ही शिरलो त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पार्लर चालवणाऱ्या बाया डझनाने माल घेत होत्या, लग्नघरच्या आया याद्या घेऊन उभ्या होत्या आणि भाचीसारख्या कितीतरी नोकरदार मुली मनगटावर रंगाची रेघ ओढून बघत होत्या. सगळ्यांचे डोळे दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरवरच्या आकड्याकडे.

मैत्रिणींनो, खरे सांगते, मला तिथे ओशाळल्यासारखे झाले. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली तेव्हा स्त्री संघटनांनी तिला विरोध केला. बाजार बाईच्या शरीराची वस्तू करतो, ही आपली मांडणी तेव्हा बरोबर होती आणि आजही आहे. पण शिबिरांतून ती मांडताना मी अनेकदा लिपस्टिक लावणाऱ्या बाईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तिला ती लावायला कोण सांगते आणि तिचे पैसे कोण भरते, हे विचारायचे राहून गेले. हौसेने नटणारीने जरूर नटावे. तिच्या आनंदाचा हिशेब मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु नटणे ही जिथे नोकरीची अट होते, तिथे लिपस्टिक हे कामाचे साधन ठरते. कारखान्यातल्या कामगाराने हातमोजे स्वतःच्या खिशातून आणावेत, असे कामगार चळवळ कधी म्हणत नाही. मग विक्रेतीनेच हा भुर्दंड का सोसावा?

आणि याच साधनावर बाईला पोट भरायचे असेल तर? मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकारांची संघटना बायकांना रंगभूषेचे ओळखपत्रच देत नव्हती. त्यांनी केशभूषा तेवढी करावी, असा शिरस्ता होता. चारू खुराना आणि इतर महिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ही बंदी घटनाबाह्य ठरवली. तोवर रंग लावून घेण्याची सक्ती बाईवर आणि रंग लावण्याची मजुरी पुरुषाला, अशी वाटणी होती!

परतताना भाची फुटपाथवरच्या एका विक्रेत्यापाशी रेंगाळली. वरिष्ठांनी तिला 'रंग जरा उजळव' असेही सुचवले होते. तिने उचललेल्या क्रीमच्या डबीवर ना उत्पादकाचे नाव-पत्ता होता, ना बॅच नंबर. मी ती परत ठेवायला लावली. अशा बेनामी क्रीममध्ये पारा असू शकतो. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. तोच पारा त्वचेवाटे शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली असे रुग्ण आढळले. १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षातच बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नावातला 'फेअर' काढून टाकला. नोकरी देणाऱ्यांच्या मनातला मात्र अजून निघालेला नाही.

सूट घ्यावी, घासाघीसही करावी. परंतु उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापरण्याची अंतिम तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आयात मालावर नोंदणी क्रमांक आणि आयात करणाऱ्याचा पत्ता हवा. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी हे बंधनकारक केले आहे. कमी पैसे देणाऱ्या बाईलाही हा हक्क तेवढाच आहे.

भाचीने त्या दिवशी दोन लिपस्टिक, एक काजळ आणि पावडर घेतली. बिल जपून ठेव, असे मी तिला सांगितले. ज्याने नियम केला त्याच्या टेबलावर ते बिल जायला हवे. एकटीने नेले तर नोकरीवर गदा येईल, दहाजणींनी मिळून नेले तर बोलणी करावी लागतील. तुमच्या कामाच्या ठिकाणी असे नियम आहेत का? महिन्याकाठी त्यापायी किती खर्च होतो? आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात आपण सगळ्याजणींचा हिशेब मांडू.