खोलता येईल तीच कात्री

झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या उन्हातून तगलेली बोगनवेल पावसाळ्यात वाटेल तशी वाढते, आणि ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी येते. निवृत्तीनंतर बागेत रमलेले आपले बरेच जुने सहकारी विचारतात, हातकात्री कोणती घ्यावी? माझे मत सरळ आहे : जी पूर्ण खोलता येते ती.

रायफल आपण रोज का खोलत होतो, हे तुम्हाला सांगायला नको. कात्रीलाही तोच नियम. मधला जोड रिव्हेटने ठोकलेला असेल, तर पाती ढिली पडली की ती फेकण्यापलीकडे इलाज नाही. नट-बोल्ट असेल तर आवळता येते, पाते काढून धार लावता येते, स्प्रिंग बदलता येते. स्वित्झर्लंडची फेल्को कंपनी १९४५ सालची. तिच्या कात्र्यांचे पाते, स्प्रिंग असे भाग सुटे मिळतात, हे तिच्या नावलौकिकाचे एक मोठे कारण. तीच घ्यावी असे नाही, पण सुटे भाग मिळतात का, हे दुकानदाराला जरूर विचारा.

दुसरी गोष्ट पात्यांची. ओल्या फांदीसाठी बायपास कात्री हवी. तिची पाती एकमेकांना घासून जातात आणि काप स्वच्छ येतो. ॲन्व्हिल प्रकारात पाते सपाट पट्टीवर आपटते. वाळक्या काटक्यांना ते चालते, ओली फांदी मात्र चेचली जाते आणि जखम लवकर भरत नाही. दुकानातच कागद कापून पाहा. फाटला तर कात्री परत ठेवा. अंगठ्याहून जाड फांदीला कात्री लावूच नका, तिथे करवत घ्या.

खोलता येण्याचा आणखी एक फायदा आहे. सोलापूरकडच्या डाळिंबवाल्यांना विचारा. तेल्या रोग कात्रीवरून झाडाझाडांत जातो, म्हणून ते छाटताना पाती जंतुनाशकात बुडवतात. आपल्या परसातल्या लिंबावरचा खैऱ्याही असाच पसरतो. जोडात चिकटलेला चीक आणि भुसा निघाल्याशिवाय जंतुनाशक आतपर्यंत पोचत नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : माळी नीट वापरत नाहीत, हरवतात, म्हणून दोनशे रुपयांचीच बरी. मला हे पटत नाही. टाकाऊ हत्यार दिले की माणूस ते टाकाऊ म्हणूनच वापरतो. शिवाय दिवसभरात शेकडो वेळा कात्री दाबायची त्याला असते. स्प्रिंग कडक असेल किंवा मूठ मोठी असेल, तर मनगट त्याचे दुखते, बिल पास करणाऱ्याचे नाही. जवानाच्या हातात आपण वाटेल ते शस्त्र देत नाही; मग माळ्याच्या बाबतीत सर्वांत कमी दर एवढाच निकष का?

म्हणून बंगल्यासाठी असो वा युनिटसाठी, खरेदीला जाताना माळ्याला बरोबर न्या. कात्री त्याच्या मुठीत बसते का, एका हाताने उघडते-मिटते का, हे त्यालाच ठरवू द्या. मग ती त्याच्या नावावर द्या, सोबत धारेचा दगड आणि तेलाची बाटली द्या. धार फक्त कापणाऱ्या पात्याच्या उतरत्या बाजूला लावायची, एवढे एकदा दाखवले की पुरे. हजार-बाराशे रुपये गेले तरी दर वर्षी नवी घेण्यापेक्षा ते स्वस्तच पडते.