घरांतील रात्रीची शाळा

आमच्या शहरांतील एखाद्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यास त्याच्या मुलाची इयत्ता विचारावी, शाळेची फी विचारावी, गेल्या परीक्षेंतील गुण विचारावे. पेढीवरच्या खात्याप्रमाणें तो बिनचूक सांगेल. परंतु त्याच मुलास कोणती गोष्ट आवडते असा प्रश्न केला असतां तो बहुधा निरुत्तर होतो. कारण दुकानाच्या फळ्या लावून तो घरीं पोंचतो तेव्हां मूल निजलेलें असतें, किंवा मोबाईलच्या उजेडांत जागें असतें. हा दोष एकट्या व्यापाऱ्यांचा नव्हे. वकील, डॉक्टर, मास्तर आणि संपादकही त्यांत आले. स्वतःस वगळून लोकांस उपदेश करण्याचा आमचा हेतु नाहीं.

आमची सूचना अगदीं लहान आहे. प्रत्येक साक्षर घरांत निजतेवेळीं पंधरा मिनिटें आईनें किंवा बापानें मुलास जवळ घेऊन मराठी पुस्तकांतील एक गोष्ट मोठ्यानें वाचून दाखवावी. 'किंवा बापानें' हे शब्द आम्ही बुद्ध्याच लिहिले आहेत. दिवसभर राबलेल्या स्त्रीच्या कामांत आणखी एका कामाची भर घालणें यास सुधारणा म्हणतां येणार नाहीं. मुलाच्या नांवापुढें जो आपलें नांव लावतो, त्यानें त्याच्या बुद्धीच्या मशागतीचा भारही उचलला पाहिजे. आणि ऐकणारी मुलगी असली तर तितक्याच अगत्यानें.

पूर्वीं हें काम आजीकडे असे. आतां बिऱ्हाडें दोन खोल्यांचीं झालीं, आजी गांवीं राहिली, आणि तिच्या जागीं यंत्र आलें. यंत्राच्या गोष्टी कमी रंगतदार असतात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मूल मध्येंच 'कोल्हा खोटें कां बोलला?' असें विचारतें, भलत्याच ठिकाणीं हंसतें, कालचीच गोष्ट पुन्हां मागतें. यंत्र आपल्या वेगानें पुढें जातें. वाचणारा बाप थांबतो, आणि पुष्कळसें शिक्षण त्या थांबण्यांतच होतें. दुसरें असें कीं, घरांतील आमचें बोलणें कामापुरतें असतें: ऊठ, जेव, अभ्यास कर, दार लाव. पुस्तकांतील वाक्यांत कारण असतें, परिणाम असतो, दूरच्या मुलखांचीं व माणसांचीं नांवें असतात. हे शब्द ज्या मुलाच्या कानांवर आधीं पडले, त्यास ते पुढें छापलेले भेटले म्हणजे ओळखीचे वाटतात. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेनें 2014 सालीं आपल्या सभासदांस सुचविलें कीं, मुलास तान्हेपणापासूनच मोठ्यानें वाचून दाखविण्याचा सल्ला त्यांनीं आईबापांस द्यावा.

इकडे आमची स्थिति काय आहे? 2024 सालच्या 'असर' पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांसच दुसरीच्या इयत्तेचा उतारा वाचतां आला. शहरांत रोग निराळा आहे. इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या कित्येक मुलांस मराठी बोलतां येतें, परंतु बापाच्या दुकानावरची पाटी तीं अडखळत वाचतात. अशा मुलास उद्यां आजोबांचीं पत्रें, घराचें खरेदीखत आणि तुकोबांची गाथा हीं तिन्ही सारखींच परकीं होणार. वडिलांनीं मिळविलेलें घर त्यास वारशानें मिळेल. वडिलांची भाषा मात्र मिळणार नाहीं.

गोष्टीचें सामर्थ्य ओळखणाऱ्यांत एक गृहस्थ आमच्याच पेशाचे होते, याचा आम्हांस अभिमान वाटतो. गिजुभाई बधेका हे वकिली करीत असत. स्वतःस मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाची चिंता त्यांस लागली. पुढें ते वकिली सोडून शिक्षणाकडे वळले, आणि 1920 सालीं भावनगरास त्यांनीं बालमंदिर उघडलें. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकांतील शिक्षक दंगेखोर वर्ग छडीनें नव्हे, तर गोष्ट सांगून वश करितो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं पुढें कोसबाडास आदिवासी मुलांच्या अंगणांतच शाळा नेली.

कोणी म्हणेल, वेळ नाहीं. हिशेबाची वही मिटल्यावर जो अर्धा तास मोबाईल चाळण्यांत जातो, त्यांतील निम्माच आम्ही मागतों. कोणी म्हणेल, मराठीचा पुढें उपयोग काय? इंग्रजी अवश्य शिकवावी. परंतु ज्यास स्वतःच्या भाषेंत गोष्टीचें मर्म कळलें, त्यास दुसरी भाषा जड जात नाहीं. पुस्तकें महाग, ही सबबही टिकत नाहीं. 1971 पासून 'बालभारती' चालवीत असलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संस्थेनें विनामूल्य वाचावयास ठेविले आहेत, व ते त्याच मोबाईलवर उघडतात. साने गुरुजींनीं 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' तर एकेका रात्रीच्या हिशेबानेंच मांडलेली आहे.

एक आक्षेप मात्र खरा आहे. ज्या घरांत वाचतां येणारें कोणीच नाहीं, तेथें काय करावें? आमच्या पेढ्यांवर ओझीं वाहणाऱ्या हमालास आणि आमच्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईसही मुलें आहेत. त्यांच्या घरांतील रात्रीची शाळा कोण चालविणार? ज्यांस अक्षर आलें, त्यांच्यावर हें ऋण आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. निदान रविवारीं सायंकाळीं आपल्या मुलाच्या शेजारीं, त्याच सतरंजीवर, त्यांच्या मुलांसही बसवावें आणि तीच गोष्ट दोघांस वाचून दाखवावी. यास मंडळ नको, वर्गणी नको, सरकारचा ठरावही नको. आमच्या वाचकांनीं आज रात्रीं फळ्या थोड्या लौकर लावाव्या, आणि मूल जागें आहे तोंच घर गांठावें.