‘सर्वत्र’ म्हणजे कोणाच्या दारापर्यंत?

पांढरपेशा लेखणीचा एक डाव आज आम्ही चव्हाट्यावर मांडणार आहों. उघड खोटें बोलायचें नाहीं, आकडा द्यायचा नाहीं, आणि तरी आपलें घोडें पुढें दामटायचें, असा हा डाव आहे. त्याला भांडवल अवघ्या चार शब्दांचें लागतें : सर्वत्र, सर्रास, सरसकट, तुरळक.

शहरचीं पत्रें वाचा. पाऊस पडला कीं ‘सर्वत्र समाधान’. एक रस्ता झाला कीं ‘सर्वत्र विकास’. तुमच्या ओढ्याकांठचें पीक मातीसकट वाहून गेलें, तर तें मात्र ‘तुरळक नुकसान’. शेतकऱ्याचा हप्ता थकला, सुताराचें काम दोन दिवस लांबलें, कीं लगेच ‘हे लोक सर्रास बुडवितात’, ‘हे लोक सर्रास तारीख चुकवितात’. हा सर्रास शब्द नीट पारखून घ्या. पाऊस सर्रास पडला, मुलें सर्रास पास झालीं, असें कोणी म्हणतो काय? त्या शब्दांत मोजणी थोडी आणि दोष मोठा. ज्याला बट्टा लावायचा त्याच्याच कपाळीं तो मारतात. कोट्यवधींचें कर्ज बुडवून बसलेला बडा कारखानदार नेहमीं ‘एखादा अपवाद’!

ही खोड आजची नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुप्याच्या बाजारांत कर्जानें पिचलेले शेतकरी सावकारांवर उठले. तें लोण मुख्यतः पुणें व नगर या दोन जिल्ह्यांतील कांहीं गांवांत पसरलें. खतें व दस्तऐवज हातीं घेऊन जाळायचे, हाच बहुतेक ठिकाणीं हेतु. सावकाराच्या जिवावर हात क्वचितच पडला. पण इतिहासांत नांव काय चढलें? ‘दख्खनचे दंगे’! कांहीं गांवांची गोष्ट, आणि शिक्का अख्ख्या मुलखावर.

याच्या उलट जोतीरावांची रीत पाहा. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं निवेदन दिलें. ज्यांच्या घरचीं मुलें शिकत होतीं त्यांना शिक्षण चोहोंकडे पसरलेलें दिसत होतें. जोतीरावांनीं ‘पुष्कळ ठिकाणीं शाळा नाहींत’ एवढ्या मोघम बोलण्यावर भागविलें नाहीं. मुंबई इलाख्यांतील दहा गांवांपैकीं जवळजवळ नऊ गांवांत, म्हणजे सुमारें दहा लाख मुलांना, प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नसल्याचें सांगितलें जातें, असें त्यांनीं मांडलें. आकडा ऐकीव असेल तर तेंही सांगायचें, पण आकडा द्यायचा. ‘सर्वत्र’ म्हणणाऱ्यानें अशा वाक्याला उत्तर काय द्यावें?

कोणी शहाणा म्हणेल, शितावरून भाताची परीक्षा करतातच कीं! करतात खरी. पण ती एका भांड्यांतल्या, एका आधणांतल्या भाताची. आमचीं शिवारें एका भांड्यांत शिजत नाहींत. पाटाखालचा ऊस हिरवागार असतो तेव्हां कोसभर वरच्या माळावरची बाजरी करपलेली असते. बातमीदार डांबरी सडकेनें मोटारींतून जातो, सडकेकडेचें शीत चाचपतो, आणि घरीं जाऊन ‘जिल्ह्यांत सर्वत्र’ लिहितो.

हवामान खात्याची एक गोष्ट मात्र आम्हांला पसंत आहे. तेथें ‘तुरळक ठिकाणीं’ म्हणजे शंभर पर्जन्यमापक केंद्रांपैकीं पंचवीसांपर्यंत. ‘कांहीं ठिकाणीं’ म्हणजे सव्वीस ते पन्नास. ‘अनेक ठिकाणीं’ म्हणजे एकावन्न ते पंचाहत्तर. आणि ‘बहुतेक ठिकाणीं’ म्हणजे त्याहून अधिक. शब्द मोजून बांधला आहे. अंदाज चुकतो, तेव्हां आपण त्याला चार शिव्या देतों, तें वेगळें. पण चुकला हें कळतें तरी! जो शब्द मोजलेलाच नाहीं तो चुकला असें सिद्ध तरी कसें करावें? शिवाय एवढें ध्यानांत ठेवा कीं, तुरळक ठिकाणच्या ढगफुटींत ज्याचा बांध गेला त्याचें तुरळक जात नाहीं, सगळें जातें.

आतां ‘सरसकट’. ११ जून २०१७ रोजीं महाराष्ट्र सरकारनें सरसकट कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. गांवोगांव पेढे वाटले गेले. २४ जूनला जाहीर झालेल्या योजनेंत दीड लाखाची मर्यादा आली, पाठोपाठ निकष आले, मग अर्ज आले. जेथें कोणालाही वगळायचें नसतें तेथें सरसकट म्हणतात, हें गुरें हांकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतें. मंत्रालयांत तें तेरा दिवसांत विसरलें गेलें.

दुसऱ्याला बोल लावतांना आपलेंही अंगण झाडलें पाहिजे. आमच्या सभांचे वृत्तांत येतात त्यांत ‘घरोघर जागृति झाली’, ‘सर्व समाज एकवटला’ असें असतें. विचारावें तर सभेला साठ माणसें, त्यांत बाया तीन. साठ हा आकडा लाजेचा नाहीं. तो लपवून ‘सर्व समाज’ लिहिणें लाजेचें आहे, आणि पुढल्या वर्षीं साठांचे नव्वद झाले तर तें सांगायलाही मग तोंड उरत नाहीं.

तेव्हां गारपिटीनंतर तलाठी पंचनामा घेऊन येईल आणि त्यांत ‘गांवांत तुरळक नुकसान’ असें वाचून दाखवील, तेव्हां सही-अंगठा देण्यापूर्वीं त्याला बसवा, पाणी द्या, आणि विचारा : किती गट पाहिले? कोणकोणते? कोणत्या दिवशीं? ओढ्यापलीकडे गेलां होतां काय? उत्तरें त्याच कागदावर, त्याच्याच हातानें लिहवून घ्या.