डबा उघडून तर बघा!

गोष्ट माझ्या रूम-पार्टनरची आहे, त्याच्या परवानगीने सांगतोय. दिवाळीच्या सुट्टीत त्याने आजीचा व्हिडिओ काढला. आजी जात्यावर बसून ओव्या म्हणतेय, चांगला वीस मिनिटांचा. हॉस्टेलवर आल्यावर पठ्ठ्याला वाटलं, नुसता आवाज काढून आईला पाठवावा. नेटवर सापडलेल्या पहिल्याच फुकट कन्व्हर्टरला फाइल दिली, एमपी३ मिळाली. मोबाईल भरला होता म्हणून व्हिडिओ डिलीट. मार्चमध्ये आजी गेली. आज ती एमपी३ लावली की आजी विहिरीच्या तळातून बोलतेय असं वाटतं. जात्याची घरघर तर जवळपास गायबच!

चूक कोणाची? माझ्या मते आपल्या सवयीची. आपण इंजिनिअर होणार म्हणे, पण डबा न उघडताच बटण दाबतो.

हो, डबाच! एमपी४ किंवा एमकेव्ही म्हणजे चित्र नव्हे आणि आवाजही नव्हे. तो मेसच्या डब्यासारखा कंटेनर. एका कप्प्यात भाजी, म्हणजे बहुतेक वेळा एच.२६४ चा व्हिडिओ. दुसऱ्यात आमटी, म्हणजे एएसी ऑडिओ. आमटी हवी तर कप्पा उचलायचा, संपलं. कन्व्हर्टर काय करतो? आमटी ओतून घेतो, पुन्हा उकळतो आणि वाटीभर कमी करून परत देतो. एएसी काय, एमपी३ काय, दोन्ही मुळातच माहिती गाळणारे फॉरमॅट. गाळलेलं पुन्हा गाळलं की जे जातं ते परत येत नाही.

कप्पा उचलायला एफएफएमपेग आहे. फॅब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली सुरू केलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. टर्मिनलमध्ये, अर्थात इंग्रजी अक्षरांत, एवढंच टाईप करायचं:

एफएफएमपेग -आय आजी.एमपी४ -व्हीएन -सी:ए कॉपी आजी.एम४ए

'-व्हीएन' म्हणजे व्हिडिओ नको. 'कॉपी' म्हणजे आहे तस्सं उचल, पुन्हा शिजवू नकोस. उलट नुसतं चित्र हवं असेल तर '-एएन' आणि '-सी:व्ही कॉपी'. एका डब्यात दोन भाषांचे ऑडिओ असतील तर '-मॅप ०:ए:१' ने दुसरा उचला (मोजणी शून्यापासून, हे तरी आपल्याला सांगायला नको!). आणि आधी आत काय आहे ते एफएफप्रोब दाखवतं.

कोणी म्हणेल, बटणाने काम होतंय तर ही कटकट कशाला? एक म्हणजे वेळ. एन्कोडिंग होत नाही, त्यामुळे तासाभराची फाइल सेकंदांत मोकळी होते. दुसरं, जागा. ५० मिनिटांच्या लेक्चरचा १२८ केबीपीएसचा ऑडिओ फक्त ४८ एमबी भरतो. तिसरं, घरातली फाइल कुठल्या अनोळखी सर्व्हरवर जात नाही. आणि चाळीस लेक्चर्स असतील तर लूप लिहून मेसला जेवायला जाता येतं.

कन्व्हर्ट कधीच करू नये असं नाही. काकांच्या जुन्या कार-स्टिरिओला एमपी३च लागत असेल तर करा बापडे. पण मूळ फाइलवरून करा, एकदाच करा, आणि मूळ फाइल जपून ठेवा.

सबमिशनची फाइल बिघडली तर पुन्हा लिहिता येते. रूम-पार्टनरच्या हार्डडिस्कवर आता 'आजी' नावाचा फोल्डर आहे, त्यात ती एकच एमपी३. तुमच्याही मोबाईलमध्ये घरच्या कोणाचा तरी आवाज असेलच. आज रात्री त्याची एक कॉपी काढा, मग बाकीचं. बघा पटतंय का!