उडण्याचे तास आणि चित्रकाराचे बलुते

छोट्या विमानाच्या नाकावर चित्र रंगवून द्यायचे आणि मोबदल्यात पैसे न घेता त्याच विमानातून ठरलेले तास उडून घ्यायचे, असा एक सौदा असतो. आपल्याकडे तो सांगितला की दोनच प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणते, ‘हौस आहे झाले.’ कोणी म्हणते, ‘बिचाऱ्याला पैसेसुद्धा मिळाले नाहीत.’ आमच्या मते दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. चित्रकाराच्या वाट्याला आलेल्या सौद्यांपैकी हा एक सर्वांत स्वच्छ सौदा असावा.

त्याचे कारण त्या ‘तासा’त आहे. उड्डाणाचा तास ही मोघम गोष्ट नाही. तो वैमानिकाच्या नोंदवहीत मिनिटांसह लिहिला जातो. आपल्या देशात खासगी वैमानिकाच्या परवान्याला अशा ४० तासांची अट आहे, व्यावसायिक परवान्याला २०० तासांची. तासाला इंधन लागते, त्याला बाजारभाव असतो आणि तो दोन्ही पक्षांना ठाऊक असतो. शिवाय ती वस्तू चित्रकाराला हवी असते. मालकाने ती त्याच्या गळ्यात मारलेली नसते. तास नोंदला गेला की तो परत काढून घेता येत नाही, पण मालक उद्या ते चित्र खरवडून काढू शकतो. तेव्हा पारडे झुकलेच तर चित्रकाराच्या बाजूने झुकते.

या कलेला तिच्या घरीही फारशी प्रतिष्ठा नव्हती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या तळावर टोनी स्टार्सर या अमेरिकी सैनिकाने शंभराहून अधिक बाँबफेकी विमानांवर चित्रे काढली. ‘मेंफिस बेल’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले विमान. विमानाचे नाव जगाला माहीत झाले; स्टार्सरचे नाव या विषयाच्या अभ्यासकांपलीकडे क्वचितच कोणी घेते.

चित्राच्या बदल्यात आकाश देण्याचा व्यवहार आपल्याकडेही झाला, तोही मोठ्या प्रमाणावर. नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या बी. प्रभा यांची सहा चित्रे एअर इंडियाने १९५६ मध्ये प्रत्येकी ८७.५० रुपयांना घेतली आणि तिथून त्या कंपनीचा संग्रह वाढत गेला. हुसेन आले, नागपुरातच जन्मलेले वासुदेव गायतोंडे आले. पुढे कित्येक चित्रकारांना रोख रकमेऐवजी विमानाची तिकिटे मिळाली. ज्या काळात परकीय चलन मिळवणे हे दिव्य होते, त्या काळात तरुण चित्रकाराला परदेशी चित्रसंग्रहालयाच्या दारापर्यंत नेणारे तिकीट रोख रकमेपेक्षा मोलाचे असू शकत होते. साल्वादोर दालीने तर १९६७ मध्ये राखदाणीच्या रचनेचा मोबदला म्हणून हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते पोचवलेही. आपण हा किस्सा हसून सांगतो. पण काय घ्यायचे हे इथे कलावंताने ठरवले, ही त्यातली खरी गोष्ट आहे.

यवतमाळला धावपट्टी आहे, पण तिथे नियमित प्रवासी विमान उतरत नाही. तेव्हा या जिल्ह्यातला दाखला जमिनीवरचाच द्यावा लागेल. पोळ्याला गडी बैल धुतो, शिंगे रंगवतो, बेगड चिकटवतो, झूल चढवतो आणि सजलेली जोडी घरोघर नेतो. त्याला बोजारा मिळतो. प्रथा देखणी आहे आणि आम्हांला प्रियही आहे. मात्र बोजारा किती, हे देणाराच ठरवतो. रंगवणाऱ्याने आकडा उच्चारला तर तो उद्धटपणा ठरतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) बलुत्याची व्यवस्था तपशीलवार येते. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले, तेव्हा त्या शब्दात वाटा कमी आणि लाचारी जास्त कशी भरली आहे हे मराठी वाचकाला कळले. वस्तूच्या रूपातला मोबदला मुळात वाईट नसतो. तो नाकारण्याची सोय ज्याला नाही, त्याच्यापुरता तो वाईट होतो.

तिकिटांच्या व्यवहारालाही एक खोट होतीच. रोख खरेदीचे बिल राहते, अदलाबदलीचा माग मात्र सहज पुसला जातो. हजारो कलावस्तूंचा तो संग्रह पुढे नीट सांभाळला गेला नाही. २०१७ मध्ये जतीन दास यांचे कंपनीने घेतलेले चित्र बाजारात विक्रीला आल्याचे उघडकीस आले, तेव्हा कुठे मोजदादीची धावपळ सुरू झाली. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. चित्रे मात्र सरकारने आपल्याकडे ठेवून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवायचे ठरवले. वैमानिकाच्या नोंदवहीइतकी काटेकोर वही चित्रांसाठी ठेवली असती, तर ही वेळ आली नसती.

आता हीच मोजपट्टी साहित्याला लावून पाहू. आपली नियतकालिके लेखकाला अंकाची प्रत देतात, कार्यक्रमांत शाल आणि श्रीफळ मिळते आणि प्रातिनिधिक म्हणवणाऱ्या कवितासंग्रहांत तर कित्येकदा कवीच सहभागाचे शुल्क भरतो. यातले किती त्याने मागितले होते? ‘मानधन’ या शब्दातले धन केव्हाच गळाले आहे आणि उरलेल्या मानाचा दर ठरवण्याचा अधिकारही लेखकाकडे नाही. तोट्यात चालणाऱ्या छोट्या मासिकाचा संपादक स्वतःच्या खिशातून छपाई करतो, हे आम्ही जाणतो. त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते प्रसिद्धी हेच पुरेसे देणे मानणाऱ्यांशी.

हा मजकूर वाचणाऱ्यांत अनेक जण तासिका तत्त्वावर मराठी शिकवत असतील. त्यांचेही तास मोजले जातात, हजेरीपुस्तकात चढतात आणि पैसे महिनोन्महिने येत नाहीत. घरी बसून कविता समजून घेण्यात गेलेला तास तर कोणत्याच वहीत नसतो. एखाद्या महाविद्यालयाने आपल्या भिंतीवर चित्र काढून मागितले किंवा स्मरणिकेसाठी लेख मागितला, तर या मंडळींनी आधी एक कागद पुढे करावा: काम काय, मोबदला काय, तो केव्हा आणि खाली दोघांच्या सह्या. मोबदला रोखच हवा असा आमचा आग्रह नाही. ग्रंथालयाची किल्लीसुद्धा चालेल.